रिमोट दाबला तरी दार ढिम्म! वाचकांचे प्रश्न, गाडीच्या लॉकबद्दल

या वेळी जेवढी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर आहेत, बाहेरून बसवून घेतलेलं रिमोट लॉक. गाडी बेस मॉडेल घेतली किंवा सेकंडहँड घेतली, मग बाजारातून किट आणून सेंट्रल लॉकिंग बसवलं, वर्षभर मस्त चाललं आणि आता त्रास सुरू झालाय. सगळ्यांना आधीच सांगतो, लगेच नवीन किट आणू नका. मी इंदूरात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, "किट गेलं" म्हणून जी गाडी माझ्याकडे येते तिच्यातलं किट बहुतेक वेळा चांगलंच असतं, बिघडलेलं असतं ते बसवण्याचं काम. चला, एकेक बघू.

प्रश्न : काका नमस्कार, आमची वॅगनआर आहे, दोन वर्षांपूर्वी रिमोट लॉक बसवलं. बाकी दारं रिमोटने बरोबर उघडतात पण मागचं डावं दार, ज्यातून मुलं शाळेसाठी चढतात उतरतात, ते कधी उघडतं कधी नाही. नवल म्हणजे दार उघडं ठेवून रिमोट दाबला तर लॉक नीट खालीवर होतं, दार लावलं की गप्प. मिस्त्री म्हणतो मोटर बदलावी लागेल. बदलू का?
(वाचक भगिनी, राजेंद्रनगर)

उत्तर : ताई, मोटर अजिबात बदलू नका. दार उघडं असताना चालतं आणि लावलं की नाही, हे तुम्ही लिहिलंत ना, त्यातच उत्तर आहे. तुमची वायर तुटली आहे, आणि ती बिजागरीजवळ तुटली आहे.

दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक काळी रबरी नळी असते, घड्या घड्यांची, वायरी तिच्यातून दारात जातात. कंपनीने घातलेली वायर खूप बारीक तारांची आणि मऊ असते, कारण तिला रोज वाकायचं असतं हे त्यांना माहीत असतं. किटबरोबर येते ती वायर साधी, आत मोजक्या जाड तारा. मिस्त्री ती त्याच नळीतून ओढून घेतो आणि घाईत असला की अगदी ताणून बसवतो, ढील म्हणून ठेवतच नाही. आता मुलांचं दार, रोज आठ वेळा उघडझाप धरली तरी दोन वर्षांत पाच हजारांवर जाते. तांबं आतल्या आत तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दार उघडलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, लावलं की सुटतात.

बघायचं कसं, तर रबरी नळी खांबाच्या बाजूने हलक्या हाताने सोडवा आणि किटच्या दोन वायरी, बहुतेक किटमध्ये निळी आणि हिरवी असतात, एकेक करून दोन बोटांच्या चिमटीत धरून थोड्या थोड्या ओढत जा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली वायर त्या जागी रबरबँडसारखी लांबते, कारण आत फक्त प्लास्टिक उरलेलं असतं. एकदा हाताला ते जाणवलं की परत कधी विसरणार नाही तुम्ही.

दुरुस्ती करताना मात्र नळीच्या आत जॉइंट मारू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला "टेप मारून देतो" तरी. जॉइंटची जागा कडक होते आणि त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतं. खांबाच्या आतपासून दाराच्या आतपर्यंत अख्खा तुकडा नवीन, मऊ वायरीचा टाकायचा, दोन्ही जॉइंट नळीच्या बाहेर, सोल्डर करून वर स्लीव, आणि बोटभर ढील. नुसती काळी टेप आपल्याकडच्या मे महिन्यात टिकत नाही, डिंक पातळ होतो आणि टेप सुटून येते, मी रोज काढतो असल्या टेपा.

आणि हो, मोटर बदलली असती तर आठ दिवस चाललंही असतं! पॅनल काढताना घालताना वायर हलते आणि टोकं परत टेकतात. मग तुम्हाला वाटलं असतं मोटरच खराब होती, आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

प्रश्न : पूर्वी आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गाडी लॉक व्हायची, आता रिमोट काचेला चिकटवावा लागतो. सेल दोनदा बदलला. रिमोटवरचा लाल लाइट तर लागतो.
(एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : लाल लाइट लागतो म्हणजे रिमोटचा सिग्नल दणकट आहे असं नाही हो, लाइटला फार थोडी ताकद लागते. सेल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं मीटर, लावून बघा, बटणासारखा चपटा २०३२ नंबरचा असेल तर नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. दुकानात वर्षानुवर्षं पडलेले सेलही नवे म्हणून मिळतात, त्यामुळे "बदलला" याला अर्थ नाही, मोजला का ते महत्त्वाचं.

पण माझा संशय गाडीवर आहे. तुमच्याकडे दुसरा रिमोट असेलच, किटबरोबर दोन येतात. तोही तसाच जवळून चालत असेल तर रिमोट निर्दोष. मग आठवा, रेंज कमी व्हायच्या आधी गाडीत नवीन काय आलं? लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅम, नंबर प्लेटजवळचे एलईडी, यातलं काही? स्वस्त चार्जर आतल्या आत इतका गोंगाट करतात की रिमोटचा बारीक आवाज किटला ऐकूच येत नाही असं समजा. सगळं काढून एकदा गॅलरीतून दाबून बघा. फुकटची टेस्ट आहे.

तेही नसेल तर किटच्या डबीतून एक सुटी वायर लोंबत असते, कुठेच न जोडलेली, ती शोधा. लोक तिला फालतू समजून कापतात किंवा गुंडाळी करून डॅशबोर्डखालच्या पत्र्यामागे कोंबतात. तीच तर अँटेना! हे रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरीच्या पाव लांबीला साधारण १७ सेंटीमीटर वायर लागते, म्हणून ती तेवढीच दिलेली असते. कापायची नाही, लांबवायचीही नाही. सरळ करून पत्र्यापासून दूर, प्लास्टिकच्या भागावर टेपने चिकटवून टाका. कापलेली असेल तर तेवढ्याच लांबीची नवी सोल्डर करून घ्या.

प्रश्न : रिमोट दाबला की चारही दारं लॉक होतात आणि लगेच खटकन परत उघडतात. दुपारी गाडी चालवून आल्यावर नीट लॉक होते, सकाळी थंड गाडी असताना जास्त होतं. दोन जणांना दाखवलं, दोघांनी किट बदला सांगितलं.
(एक वाचक, तिलकनगर)

उत्तर : दादा, ड्रायव्हरचं दार खोला.

चार मोटरी असतात, मिस्त्री लोक त्यांना गन म्हणतात. तीन दारांत दोन वायरींची साधी गन असते, ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची. दोन मोटरच्या, बाकी तीन आतल्या छोट्या स्विचच्या. म्हणजे ती गन नुसती लॉक करत नाही, लॉक आत्ता वर आहे की खाली हे किटला सांगतेही, म्हणून तर तुम्ही ड्रायव्हरचं बटण हाताने खाली केलं की बाकीची दारं आपोआप लॉक होतात. आता समजा तुमच्या त्या गनचा रॉड पूर्ण खाली जात नाही. किट अर्धा पाऊण सेकंद करंट देतं, रॉड जातो, पण लॉकच्या स्प्रिंगला पार करून पलीकडे बसत नाही, करंट थांबताच मागे उसळतो. मागे आला की आतला स्विच किटला सांगतो, "मालकाने दार उघडलं". किट आज्ञाधारक, ते सगळीच उघडतं. किटने चूक काहीच केली नाही.

रॉड कमी का जातो याची मुख्य कारणं दोन. गनचा रॉड आणि गाडीचा मूळ लॉकचा रॉड एका छोट्या क्लॅम्पने जोडलेले असतात, त्याचा स्क्रू ढिला झाला की रॉड घसरतो. गनचा एकूण प्रवासच दोनेक सेंटीमीटरचा, त्यातले चार मिलिमीटर घसरण्यात गेले तर उरलं काय! शिवाय गन लॉकच्या रॉडच्या एका रेषेत हवी, तिरकी बसवली असेल तर ताकद बाजूला जाते. दुसरं कारण व्होल्टेज, आणि तुमचं सकाळ-दुपारचं गणित तिकडेच बोट दाखवतंय. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरी मोजा, १२.६ च्या आसपास पाहिजे, १२ च्या जवळ असेल तर बॅटरी आधी बघा. बॅटरी चांगली असेल तर किटची आर्थिंगची काळी वायर तपासा, ती बऱ्याचदा रंगाच्या वरच स्क्रूने आवळलेली असते. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर रिंग टर्मिनल लावून घ्या. आणि लॉकच्या खटक्यात साचलेली धूळ, वाळलेलं ग्रीस स्वच्छ करून थोडं नवीन ग्रीस. थंडीत तेच जुनं ग्रीस घट्ट होतं.

प्रश्न : आम्ही चावी खिशात असली की आपोआप उघडणारं, लांब गेलं की आपोआप लागणारं लॉक बसवलं. तेव्हापासून दर तीन-चार दिवसांनी बॅटरी बसते. रात्री पोर्चमधून खट खट आवाज येतो, आई घाबरते.
(एक वाचक, वैशालीनगर)

उत्तर : चावी घरात कुठे टांगता? मला वाटतं पोर्चच्याच भिंतीला आतून खुंटी असेल. हे लॉक चावी मीटर-दोन मीटरवर आली की ओळखतं, चावी नेमकी सीमेवर राहिली की कधी दिसते कधी नाही, आणि ते रात्रभर उघड-लाग करत बसतं. चावी आतल्या खोलीत ठेवून दोन रात्री बघा. आईंना सांगा, चोर नाही.

पण बॅटरीचं एवढ्याने सुटेलच असं नाही, तर हेही करा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या मध्ये जोडा, चावी लांब नेऊन गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा आणि मग वाचा. मध्ये स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. समजा ३०० दाखवले, म्हणजे ०.३ अँपिअर, चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास गेले. तुमची बॅटरी ३५ ची असेल तर तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी, चौथ्या दिवशी सेल्फ कसा मारणार? आता किटचा फ्यूज काढा. आकडा धपकन खाली आला तर किटच पिऊन टाकतंय. तसं असेल तर मात्र किट बदला, तिथे मी नाही म्हणणार नाही. किटचा स्वतःचा फ्यूजच सापडला नाही तर त्याच दिवशी बसवून घ्या, थेट बॅटरीवरून विनाफ्यूज वायर ओढलेली गाडी मी रात्री पोर्चमध्ये उभी करू देणार नाही.

प्रश्न : काका, हे लिहितानाही हात थरथरतोय. मे महिन्यात ओंकारेश्वरहून परत येताना बडवाहला चहाला थांबलो. निघताना सुनेने रिमोटने गाडी उघडली, तीन वर्षांच्या नातवाला मागे बसवलं, पर्स आणि चावी सीटवर ठेवून दार लावलं आणि पुढच्या दाराकडे वळेपर्यंत गाडी आपोआप लॉक. बाळ आत, चावी आत. दुपारचे दोन. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊंनी काच फोडली. चूक कोणाची?
(एक आजी, लोकमान्यनगर)

उत्तर : आजी, आधी हे सांगतो, सुनेची चूक नाही. तिला दोष देऊ नका, घरात कोणालाच देऊ देऊ नका. आणि त्या ट्रकवाल्या भाऊंनी जे केलं तेच बरोबर होतं. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते, मे महिन्यात बाहेरच ४२ असतं. अशा वेळी मिस्त्रीची वाट बघायची नाही, चावीवाल्याला फोन करत बसायचं नाही. मूल जिथे बसलंय त्यापासून लांबची बाजूची काच, मध्यावर नाही तर कोपऱ्यात, टोकदार वस्तूने. बाजूच्या काचेचे बारीक दाणे होतात. समोरच्या मोठ्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्यात मध्ये पापुद्रा असतो, ती तडकते पण पडत नाही.

आता हे का झालं ते. बहुतेक किटमध्ये एक सोय असते, रिमोटने उघडलं आणि ३० सेकंदांत एकही दार उघडलं नाही तर चुकून बटण दबलं असं समजून गाडी परत लॉक होते. सोय चांगली आहे. पण दार उघडलं हे किटला कळणार कसं? त्यासाठी दारातल्या स्विचची वायर, आतला दिवा ज्याने लागतो तीच, किटला जोडावी लागते. ती शोधायला डॅशबोर्डखाली वाकावं लागतं, वेळ जातो, म्हणून बसवणारे ती सोडूनच देतात! तुमच्या गाडीचं हेच झालंय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. किटच्या हिशोबाने दार उघडलंच नव्हतं.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने आजच हे करून बघा, एक मिनिटही लागत नाही. चावी हातात ठेवा, हातातच, रिमोटने गाडी उघडा, एक दार सताड उघडं करा आणि शांत उभे राहा. मिनिटभरात उघड्या दारासकट सगळी लॉकं खटकन खाली गेली तर ती वायर जोडलेली नाही. गाडी सरळ मिस्त्रीकडे घेऊन जा, "दाराच्या स्विचची वायर किटला जोड" एवढंच सांगा, आणि त्याच्यासमोर हीच टेस्ट परत करून मगच पैसे द्या. तोवर चावी सीटवर ठेवायची नाही. माझ्या घरी नियम आहे, मूल गाडीत असेल तर चावी अंगावर, खिसा नसेल तर मनगटात दोरीने.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की उजव्या बाजूची लॉकं सुस्त होतात, पंधरा दिवस कोरडं गेलं की ठीक.
(एक वाचक, नंदानगर)

उत्तर : काचेवरून पाणी दाराच्या आत जातंच, ते नेहमीचं आहे, खालच्या भोकांतून निघून जातं. किट बसवताना पॅनलच्या मागचा प्लास्टिकचा पडदा फाडून परत चिकटवलेला नसतो आणि गन नेमकी ओघळाच्या खाली येते. पडदा नवा लावून घ्या, गनकडे येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे पाणी झोलातून टपकेल, आणि दाराच्या खालच्या कडेची भोकं काडीने मोकळी करा. आपल्याकडची धूळ त्यात चिखल होऊन बसते.

प्रश्न : बॅटरी पूर्ण उतरली, रिमोट चालेना, चावी घातली तर फिरेना. गाडी दोन दिवस तशीच उभी होती. चार वर्षांत चावीने दार कधी उघडलंच नव्हतं.
(वाचक भगिनी, स्नेहलतागंज)

उत्तर : ताई, यात किटचा संबंध नाही, कुलूप चार वर्षं न वापरल्याने गंजलंय. आणि अडचण बघा, बॅटरीला चार्जिंग द्यायचं तर बॉनेट उघडायला हवं, बॉनेटचा खटका गाडीच्या आत! म्हणून तर लोक अडकतात. आता सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटची पूड घालून चावी हळूहळू फिरवा, जोर लावला तर चावी आत तुटेल. तेलाने आज सुटेल पण महिन्याभरात धूळ धरून आणखी घट्ट होईल. चावी पूर्ण फिरते पण दार उघडत नाही असं असेल तर किट बसवताना कुलपाचा रॉड निसटलाय किंवा काढून ठेवलाय, तो पॅनल खोलून जोडून घ्या. यापुढे महिन्यातून एकदा तरी दार चावीनेच उघडा.

प्रश्न : सेकंडहँड ऑल्टो घेतली, रिमोट लॉक बसवलेलं आहे, मालकाने एकच रिमोट दिला. दुसरा हरवला म्हणतो.
(एक वाचक, परदेशीपुरा)

उत्तर : हरवलाही असेल, पण तो अजून तुमची गाडी उघडतो. किटच्या डबीवर एक छोटं बटण असतं, त्याने आधीचे सगळे रिमोट पुसता येतात आणि नवे शिकवता येतात, किटच्या कागदावर पद्धत दिलेली असते, कागद नसेल तर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटांचं काम. आधी पुसा, मगच शिकवा, नुसता नवा जोडून भागत नाही. स्वस्तातल्या काही किटचा कोड कायम एकच राहतो, त्याची नक्कल करणारे रिमोट बाजारात सर्रास मिळतात, तुमचं किट तसलं निघालं तर दर वेळी कोड बदलणारं, रोलिंग कोडचं किट घ्या. पुसून झाल्यावर हातातला रिमोट शिकवायच्या आधी एकदा दाबून बघा, गाडीने अजिबात दाद द्यायला नको.